चोळीबांगडीची जागा

नोटीस आली तेव्हा मी पडवीत ज्वारी निवडत बसले होते. पोस्टमन म्हणाला, सही लागेल. मी म्हटलं, पुरुषमाणसाची लागत असेल तर संध्याकाळी ये, बाईची चालत असेल तर आण इकडं. त्यानं मुकाट्यानं पेन पुढं केलं.

पाकीट अक्कलकोटच्या एका वकिलाचं होतं. मी सातवीपर्यंत शिकलेली, तेव्हा वाचायला अडचण नव्हती. पण वकिलांना पूर्णविरामाचं काय वावडं असतं कोण जाणे. दोनदा वाचल्यावर अर्थ लागला. मैंदर्गीच्या निंगव्वाबाईंच्या जागेवर तुमचं घर उभं आहे, त्या जागेचं भुईभाडं तुम्ही सहा वर्षं दिलेलं नाही, सबब थकबाकी भरा, महिन्याभरात आपलं बांधकाम काढून न्या आणि जागा मोकळी करून द्या.

बांधकाम काढून न्या! घर म्हणजे काय बाजारातला तंबू आहे, गुंडाळून डोक्यावर घ्यायला? माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पण खरं सांगते, घर जाईल ही धास्ती मला मागाहून वाटली. आधी मी परत परत वाचलं ते निंगव्वाआत्याचं नाव. आत्यानं आमच्यावर नोटीस पाठवावी?

भुईभाडं काय ते सांगते. बाळीवेशीजवळचं हे घर आमचं आहे, पण घराखालची जमीन आमची नाही. सोलापुरात अशी घरं पुष्कळ आहेत. भिंती आपल्या, माळवद आपलं, भुई दुसऱ्याची. वर्षाचं ठरलेलं भाडं भुईच्या मालकाला दिलं की झालं. आमचं घर मूळ निंगव्वाआत्याच्या वडिलांचं. त्यांचं कापडाचं दुकान बुडालं तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, चन्नप्पांनी, ते विकत घेतलं. दोघं जुने सोबती. व्यवहाराच्या वेळी म्हातारा म्हणाला होता म्हणे, "घर घे चन्नप्पा, पर भुई मागू नको. ती माझ्या पोरीच्या चोळीबांगडीला ठेवलीय."

लेकीच्या चोळीबांगडीसाठी शेताचा तुकडा तिच्या नावावर करून देतात, ही आमच्याकडची रीत. म्हाताऱ्याला शेत उरलं नव्हतं, म्हणून त्यानं घराखालची भुईच पोरीच्या नावावर केली. भाडं ठरलं ते तसंच. वर्षाला एक खण, दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या आणि वर नावाला थोडे रुपये. ते पण पाठवून द्यायचे नाहीत. नागपंचमीला तिला ह्या घरी आणायचं आणि इथं, तिच्या हातात द्यायचं. तिला भाऊ नव्हता. म्हणून तिला आणायला मुऱ्हाळी होऊन माझे सासरेच जायचे.

मुऱ्हाळी म्हणजे लेकीला सासरहून सणाला न्यायला येणारा माहेरचा माणूस. तो दारात आल्याशिवाय लेक निघत नाही. किती का जीव तुटेना, आपली आपण पिशवी उचलून जायचं नसतं. गेली तर सासरी म्हणतात, बोलावलं कुणी होतं हिला?

मी लग्न होऊन ह्या घरात आले त्याच श्रावणात आत्या पहिल्यांदा बघितली. टांग्यातून उतरली, उंबऱ्याला हात लावून तो डोळ्यांना लावला, आणि मला बाजूला सारून सरळ आत गेली. मला वाटलं, ही कोण ठसकेबाज बाई! स्वयंपाकघरात जाऊन तिनं चूल बघितली, परसातला आड बघितला, दांडीवर आपलं लुगडं टाकलं आणि मग पडवीत येऊन मला म्हणाली, "तू दाक्षायणी व्हय? मी तुझी घरमालकीन. पाणी दे बघू." आणि इतकी हसली की मलाही हसू आलं.

चार-पाच दिवस राहायची. पंचमीला आमच्याकडं तवा ठेवत नाहीत, काही चिरत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी आम्ही दोघी मिळून लाह्या फोडायचो, शेंगांचे लाडू वळायचो. बोलायची अर्धं मराठी, अर्धं कानडी. पडवीच्या तुळईला झोका बांधला की आधी तीच बसायची, पन्नाशी उलटली तरी. सासरे खण आणि बांगड्या ताटात घालून पुढं करायचे आणि म्हणायचे, "घरमालकीन बाई, भाडं घ्या, न्हायतर हाकलशीला." तीही तोऱ्यात म्हणायची, "अवंदा एक बांगडी कमी दिसतीया चन्नप्पाअण्णा." मग कासाराला परत बोलावणं व्हायचं.

माझं माहेर मंद्रूपचं. आईवडील गेल्यावर भावानं शेत आणि घर दोन्ही विकलं आणि तो हुबळीला गेला. पत्र टाकतो दिवाळीला. पंचमी आली की गल्लीतल्या सगळ्यांच्या दारात मुऱ्हाळी येतात, माझ्या दारात कुणी येत नाही. आत्या यायची तेव्हा मला ते एवढं जाणवायचं नाही. माझ्या घरात कुणाचं तरी माहेर व्हायचं, आणि मी त्यावर माझी भूक भागवायची.

सासरे वारले ते दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यात. पुढच्या श्रावणात मी यजमानांना म्हटलं, आता तुम्ही जायचं मैंदर्गीला. माझे यजमान सिद्धाराम गिरणीत टाइमकीपर. सरळ माणूस, पण घड्याळाच्या काट्यावर जगणारा. म्हणाले, "दुष्काळात त्या म्हातारीला कशाला तंगडतोड करायला लावायची? खणाचं आणि बांगड्याचं मिळून होतंय तेवढं मनिऑर्डरनं धाडतो. वर चार रुपये जास्त धाडतो की." आणि धाडले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मनिऑर्डर परत आली. घेण्यास नकार, असा शिक्का.

हे चिडले. "भाडं घेत न्हाय तर ऱ्हायलं," म्हणाले. पुढच्या वर्षी मी विषय काढला तर म्हणाले, "ज्याला भाडं पायजे त्यानं यावं. जगात कुठला भाडेकरू मालकाला आणायला जातोय?" मग गिरणीतला संप आला, थोरल्या लेकीचं लग्न आलं, धाकटीचं आलं. प्रत्येक पंचमीला मी झोका बांधायची आणि दाराकडं बघत बसायची. टांगा वाजला की उठायची. ही काही मी त्यांना बोलून दाखवायची गोष्ट नव्हती. अशी सहा वर्षं गेली आणि आली ती नोटीस.

संध्याकाळी ह्यांनी ती वाचली आणि चेहरा पांढरा पडला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नवी पेठेतल्या वकिलाकडं गेलो. त्यानं नोटीस टेबलावर टाकली आणि विचारलं, "आजवर भाड्याच्या पावत्या घेतल्यात?"

"पावत्या कसल्या? खण आणि बांगड्या द्यायचो," मी म्हटलं.

तो हसला. "मग झालं! तिच्याकडं तरी काय पुरावा आहे? जागा तिची नाहीच, असं उत्तर देऊ. खेड्यातली म्हातारी, कोर्टाच्या किती खेपा घालेल? आपोआप गप बसेल."

"जागा तिचीच हाय," हे म्हणाले. एवढ्यासाठी मला हा माणूस आवडतो. "खोटं लिहू नका. दुसरं काय करता येतं?"

"मग सगळी थकबाकी कोर्टात भरा. कोर्ट तिला देईल, तुमचं घर काही लगेच जात नाही. तुमचा संबंधच नको तिच्याशी."

हे मान डोलवायला लागले. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "भाडं कोर्टात भरल्यावर ती पंचमीला कुटं उतरणार? कोर्टात?"

वकिलानं माझ्याकडं असं बघितलं, जणू बाईला घरी ठेवून यायला हवं होतं. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "काय बोलतीस तू? आपल्यावर घर खाली करायची पाळी आलीय आणि तुला पंचमी सुचतीया."

"पंचमी आठ दिवसांवर हाय म्हणून सुचतीया. तुमी मैंदर्गीला जावा. तिला घेऊन या. नोटिशीचं मग बघू."

"जिनं नोटीस धाडली तिचा मी मुऱ्हाळी होऊ?"

"मग मी होते," मी म्हटलं. बायका मुऱ्हाळी होत नाहीत. पण घरातल्या पुरुषाला फुरसत नसेल तर काय करायचं?

मी बाजारातून खण घेतला, चांगला गुळेदगुडी, लाल काठाचा. कासाराकडून आत्याच्या मापाच्या हिरव्या बांगड्या घेतल्या. पिशवीत लाह्या, लाडू घातले आणि एसटीत बसले. अक्कलकोटला गाडी बदलली. वाटेत सारखी मनात भांडत होते. म्हणणार होते, आत्या, सहा वर्षं तुमी आला न्हाईत, मनिऑर्डर परत पाठवली, ते ठीक, पर नोटीस? चन्नप्पाअण्णांच्या घरावर? लाज नाही वाटली? सगळं तोंडपाठ करून ठेवलं होतं.

मैंदर्गीत तिचं घर शोधायला वेळ लागला नाही. दार उघडं होतं. आत्या आतल्या सोप्यात भिंतीला टेकून शेंगा फोडत होती. डोक्यावरचा पदर पुढं ओढलेला. बारीक झाली होती. मला बघून उठली नाही.

"यारू?" तिनं विचारलं. कोण ते.

"सोलापूरची दाक्षायणी हाय. मुऱ्हाळी होऊन आलीया."

ती शेंगा फोडायची थांबली. मी तिच्यासमोर बसले आणि भांडण काढायच्या आधी रीत म्हणून पिशवीतल्या बांगड्या काढल्या, म्हटलं आधी माप तर बघू. तिचा हात हातात घेतला. मनगट मोकळं होतं. मी दुसरा हात बघितला. तोही मोकळा होता. मग वर बघितलं. कपाळावर इबितीचे, भस्माचे पट्टे होते, त्याखाली कुंकू नव्हतं.

"कधी?" एवढंच माझ्या तोंडातून आलं.

"चार वरसं झाली."

मी बांगड्या पदराखाली लपवायला गेले आणि त्या नेमक्या किणकिणल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भांडणाचा एक शब्द आठवेना.

"आमाला कळलं न्हाय आत्या," मी म्हटलं. "निरोप धाडायचा होता की."

"निरोप?" ती म्हणाली. "दुखवट्याला माहेरचं लुगडं मागून आणायचं असतंय व्हय? जावेनं विचारलं, नणदांनी विचारलं, सगळ्या गावानं विचारलं, तुझ्या तवरमनीतनं कोण येनार हाय? म्या म्हनलं, येतील की. सोलापूरवरनं गाडीला उशीर होतोय. दिवस झाले तरी दाराकडंच बघत होते. माझं तवरमनी, माझं माहेर, म्हनजे ती भुईच की. आन् भुईवरची तुमी. शेवटाला माझ्या पोरानं, शरणप्पानं, दुकानातनं लुगडं आणलं आन् माहेरचं म्हणून सांगितलं. गावाला कळायचं ते कळलं."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"मनिऑर्डर का परत केली तुमी?"

"पैसं धाडून कुणी लेकीला पंचमी करतंय काय गं? मला वाटलं, चन्नप्पाअण्णा गेला, आता दारात येऊ नको म्हनायलेत. तुमच्याच तोंडानं सांगायला येतील म्हणून वाट बघितली. कुणी आलं न्हाय."

"आन् ही नोटीस?"

"शरणप्पानं केली. अंगठा म्या दिला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "म्हनलं, भांडायला तरी येतील."

मग मी रडले. मी तशी रडणारी बाई नाही, मला राग लवकर येतो, रडू येत नाही. पण त्या सोप्यात शेंगांच्या टरफलांत बसून मी अशी रडले की आत्यालाच माझ्या पाठीवरून हात फिरवावा लागला. तिचा मुलगा शरणप्पा दुकान बंद करून आला तेव्हा आम्ही दोघी तशाच बसलेलो.

शरणप्पा वाईट नव्हता. गावात छोटं किराणा दुकान, तीन पोरी, डोक्यावर उधारी. मला म्हणाला, "वैनी, राग धरू नका. भुई आमच्या काय कामाची? एक दलाल मागं लागलाय, चांगला भाव देतोय. पर आई म्हनती, आधी त्यांना इचारा. तुमीच घ्या की इकत. दलालापेक्षा कमी द्या. घर तुमचं, भुई पण तुमची, कायमची कटकट मिटंल."

ऐकून माझ्या जिवात जीव आला. घर राहणार, आत्या राहणार, आणखी काय पाहिजे? मी म्हटलं, "पंचमी झाली की ये कागद घेऊन. आज मी आत्याला न्यायला आलीया."

आत्या उठली आणि लुगड्याचं बोचकं बांधायला लागली. ते आधीच बांधून ठेवल्यासारखं पटकन झालं.

सोलापुरात टांगा दारात थांबला तेव्हा हे पडवीतच होते. वाटेत मी आत्याला म्हटलं होतं, त्यांना काही बोलू नका, मीच सांगते. पण सांगायची वेळच आली नाही. ह्यांनी तिच्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि घाईघाईनं आत जाऊन पाण्याचा तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन आले. पुरुषमाणसानं भाकरतुकडा ओवाळलेला मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. उलटा ओवाळला. मग वाकून तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

"उठ सिद्या," ती म्हणाली. "परत बांधकाम काढायला लावीन न्हायतर."

आत्यानं उंबऱ्याला हात लावून डोळ्यांना लावला. मग चूल बघितली, आड बघितला, आणि दांडीवर आपलं लुगडं टाकलं. दांडीवर ते पडलेलं बघून मला इतकं भरून आलं की मी चहात मीठ घातलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीत कासार आला. मी त्याला पडवीत बसवलं, मैंदर्गीला नेलेल्या बांगड्या त्याच्यापुढं ठेवल्या आणि आत्याला हाक मारली. ती आली, पण दोन्ही हात पदराखाली घेऊन बसली. "मला नको गं. तुला भर," म्हणाली.

"भाडं हाय तुमचं. मी कशी भरू?"

समोरच्या पायरीवर म्हाळसाबाई बसल्या होत्या. त्यांना आमच्या घरात काय चाललंय ते बघितल्याशिवाय ताक पचत नाही. त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "अगं दाक्षायणी, कुंकू गेलेल्या बाईच्या हातात बांगड्या? जरा जनाची लाज धर की."

आता मात्र माझा पारा चढला. मी म्हटलं, "म्हाळसाबाई, ही काय बांगड्या पहिल्यांदा लग्नात भरली व्हय? ह्या पडवीत रांगत हुती तवापासून हिच्या हातात हुत्या की. नवऱ्यानं दिलेलं नवऱ्याबरोबर गेलं. बापानं दिलेलं कसं जाईल? ही हितं कुणाची बायको न्हाय, लेक हाय. सासरी गेल्यावर काय करायचं ते ती बघंल."

म्हाळसाबाई पदर झटकून आत गेल्या. कासार माझ्याकडं आणि आत्याकडं आळीपाळीनं बघत होता. आत्यानं समोरच्या रिकाम्या पायरीकडं बघितलं. मग पदराखालून एक हात बाहेर आला. कासारानं तो हलकेच दाबला आणि एकेक बांगडी चढवत गेला. जुनं माप आता सैल होत होतं. दुसरा हात भरून झाला तेव्हा आत्यानं दोन्ही हात हलवून आवाज ऐकला.

"एक कमी दिसतीया," ती म्हणाली.

पंचमीचे ते दिवस कसे गेले सांगता येत नाही. मी परसात असले की स्वयंपाकघरातून बांगड्यांचा आवाज यायचा आणि मला वाटायचं, ही सहा वर्षं गेलीच नाहीत. आत्या झोक्यावर बसली. ह्यांनी झोका दिला, गिरणीच्या भोंग्याची वेळ झाली तरी देत राहिले. पहिल्यांदाच कामावर उशिरा गेले असतील. मी हात धुऊन दारात उभी राहून बघत बसायची. मला माझ्या मंद्रूपच्या घराचा लिंब आठवायचा आणि त्या घरात आता कोण राहतंय ते मला माहीत नव्हतं.

शरणप्पा कागद घेऊन आला तेव्हा आत्याचे अजून दोन दिवस राहायचे होते. बरोबर कागद लिहिणारा होता, स्टॅम्पपेपर होता. ह्यांनी फंडातून पैसे काढून आणले होते. भाव ठरला, चहा झाला. ह्यांचा चेहरा असा फुललेला मी पोरींच्या लग्नातही बघितला नव्हता. "आता कुणाच्या बापाची नोटीस येणार न्हाय," मला हळूच म्हणाले. मीही खुशीत होते.

"आईला बोलवा अंगठ्याला," लिहिणारा म्हणाला.

मी आत गेले. आत्या चुलीपुढं वाकून नमस्कार करत होती. दांडीवर तिचं लुगडं नव्हतं. बोचकं बांधून कोपऱ्यात ठेवलेलं होतं.

"हे काय? परवा जायचं हाय की," मी म्हटलं.

"न्हाय गं. अंगठा दिला की निघते शरणप्पाबरोबर." रागानं नव्हती बोलत. समजूत घातल्यासारखं बोलत होती. "भुई गेली की कसली चोळीबांगडी? मग मी पावणीच की. व्यवहार झाल्यावर पावणीनं ऱ्हाऊ नये, दाक्षव्वा. तुझ्या तोंडात लाडू पडला, बरं झालं. घर तुमाला ऱ्हायलं."

"तरी येत जा की. कोण नको म्हणतंय?"

"कोण आणायला येईल? कशापायी?"

हुबळीचा माझा भाऊही वाईट नाही. शेत विकताना तोही म्हणाला होता, ताई, कवाबी ये. पण कुठं येऊ? कुणाच्या दारात? त्याच्या भाड्याच्या खोलीत जाऊन मी काय त्याच्या बायकोला माझी चूल दाखव म्हणू? आत्या पदर सारखा करून पडवीकडं निघाली, बांगड्या वाजत होत्या. मी तिच्या पुढं होऊन बाहेर गेले.

"कागद करू नका," मी म्हटलं. "आमाला भुई नको."

लिहिणाऱ्याचा हात थांबला. हे म्हणाले, "काय?"

"भुई आत्याची हाय. आपण भाडं देऊ. घर ऱ्हायलं काय, गेलं काय, भुई तिच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

"डोकं फिरलंय का तुझं? हातातोंडाशी आलेलं..." हे उठून उभे राहिले. "उद्या ह्यानं भुई दलालाला इकली मग? रस्त्यावर बसशील?"

"बसंन. तुमच्या अप्पांनी हे घर घेतलं तवा त्यांना भुई घेता आली नसती का? पैसा हुता की. घेतली न्हाय, कारण त्या पोरीला यायला एक दार पायजे हुतं. मला न्हाय ते दार. माझ्या भावानं इकून टाकलं. पंचमीला तुमी कामावर जाता, तवा मी हितं बसून काय करते ते तुमाला ठावं हाय? टांगा वाजला की उठते मी. दुसऱ्याच्या दारात थांबला की परत बसते. हिला तसं बसवू नका."

हे मी त्यांना सहा वर्षांत सांगितलं नव्हतं. ओरडून सांगितलं, म्हाळसाबाईंनाही ऐकू गेलं असेल. आत्या दारात उभी होती, ह्यांनी तिच्याकडं बघितलं, तुळईला बांधलेल्या झोक्याकडं बघितलं. मग खाली बसले आणि पैशाचं पुडकं सोडलं.

"शरणप्पा," ते म्हणाले, "सहा वर्षांचं भाडं घे. आताच्या दरानं घे, तुझ्या पोरींना होईल. इथून पुढं पण वाढवून देतो. पर भुई आत्या हाय तोवर आत्याची."

"आन् आई गेल्यावर?" शरणप्पानं विचारलं.

"तवा तू आणि मी भांडू."

शरणप्पा थोडा कुरकुरला, मग पैसे मोजून घेतले. लिहिणाऱ्यानं तेवढ्याच पैशाची पावती केली आणि आत्यानं त्यावर अंगठा उमटवला. अंगठ्याची शाई तिनं चुलीच्या राखेनं धुतली. मग कोपऱ्यातलं बोचकं सोडलं आणि लुगडं परत दांडीवर टाकलं.

दोन दिवसांनी मी तिला स्टँडवर पोचवायला गेले. अक्कलकोटची गाडी लागायची होती. बाकावर बसल्यावर तिनं पिशवीतून रुमाल काढून मांडीवर पसरला आणि हातातल्या बांगड्या काढायला लागली. सैल होत्या, सहज निघत होत्या. मी बघत होते. एक हात रिकामा झाला, मग दुसरा. रुमालाला गाठ मारून तिनं तो माझ्या हातात दिला.

"तिकडं चालत न्हाईत," ती म्हणाली. "तुझ्याकडं ठिव. पर माझ्या हायत. भाडं हाय माझं. पुढल्या पंचमीला मोजून घेईन."

"आन् फुटल्या तर?"

"तर नोटीस धाडीन."

गाडी आली. खिडकीशी बसून तिनं हात बाहेर काढून हलवला. गाडी वळेपर्यंत हलवत होती. त्या हातातून आवाज यायचा नाही हे मला माहीत होतं, तरी मी ऐकायला उभी राहिले.

घरी येऊन मी बांगड्या पडवीतल्या खुंटीला टांगल्या. संध्याकाळी हे कामावरून आले, टोपी टांगायला गेले तर खुंटीला बांगड्या.

"हे काय?"

"आत्याचं भुईभाडं. पंचमीपर्यंत थकलंय आपल्याकडं."

मला वाटलं, हसतील. हसले नाहीत. टोपी हातात तशीच धरून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले, चष्मा लावला आणि पानं उलटायला लागले. भाद्रपद, आश्विन, कार्तिक. डिसेंबरच्या पानाशी कॅलेंडर संपलं. पुढच्या वर्षाची पंचमी त्यात कुठून असणार? तरी ते परत पहिल्यापासून बघायला लागले.